पुलाच्या खांबावरच्या आकड्यांवरून नदीत पाणी किती आलं ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात सत्तरीत म्हादई नदीच्या काठाला घर घेतलंय, पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे दिसतात आणि त्यावरून नदीला किती पाणी आलंय ते समजेल का.

त्यावरून पातळी समजते, पाणी किती वाहतंय ते नाही. चार पावसाळे मी वरच्या एका उपनदीवर पट्टी, म्हणजे पाण्यात उभी केलेली आकड्यांची फळी, वाचायला होतो. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, आणि पूर चढला की तासातासाला. पाणी पट्टीवर हिंदकळत असतं, म्हणून वरचा आकडा, खालचा आकडा बघायचा आणि मधला लिहायचा. एका रात्री बॅटरी मारून २.४० लिहिलं. उजाडल्यावर बघतो तर पट्टीला अख्खं बांबूचं बेट अडकलेलं, आणि पाणी तिथल्या तिथे फुगलेलं. वहीत खोडाखोड चालत नाही, बाजूला शेरा मारला आणि बोलणी खाल्ली.

पाणी किती, हे काढायला पात्राचा छेद (रुंदी गुणिले खोली) आणि वेग दोन्ही लागतात. सरकारी माणसं पंख्याचं वेगमापक यंत्र पाण्यात सोडतात. तुम्हाला पाऊस ओसरल्यावर एखाद्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, करून बघायचं असेल तर सुका नारळ पुरे. तो बराचसा बुडून तरंगतो, वाऱ्याने भरकटत नाही. समजा पात्र १२ मीटर रुंद, सरासरी खोली ०.८ मीटर, आणि नारळ २० मीटर जायला २५ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर. पण वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. रुंदी, खोली आणि हा वेग गुणला की उत्तर आलं सेकंदाला साधारण ६.५ घनमीटर. हाच प्रवाह सलग ५० दिवस वाहिला तर कुठे १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. म्हादईच्या पाणीवाटपाचा तंटा सोडवणाऱ्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२ टीएमसी दिले, त्या आकड्याचं वजन मला हा हिशेब केल्यावर कळलं.

अशी मापं वेगवेगळ्या पातळ्यांना घेतली की पातळी आणि प्रवाहाचा आलेख तयार होतो, मग नुसती पट्टी वाचून प्रवाह काढता येतो. पण आपल्या घाटातल्या नद्या एका पुरात गोटे हलवून तळ बदलतात, आणि आलेख पुन्हा तपासावा लागतो. शिवाय पूर चढताना आणि उतरताना एकाच आकड्याला प्रवाह सारखा नसतो, चढताना जास्त असतो.

तुमचं घर नदीकाठच्या गांजे गावाच्या वर असेल तर भरतीची भानगड नाही. समुद्राची भरती मांडवीतून (म्हादईचंच खालचं नाव) साधारण ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचते. त्याच्या खाली पट्टी चढली तर ते पाणी घाटाचं की समुद्राचं, हे पंचांग बघून ठरवावं लागतं. साखळीत वाळवंटी नदीचा पूर आणि भरती एकदम आली की काय होतं ते बाजारातल्या दुकानदारांना विचारा.

राहिलं घर. आकडा किती आहे त्यापेक्षा तो तासाभरात किती चढला ते बघा, आणि इथे आभाळ उघडं असलं तरी घाटावर काळं दिसलं तर पुन्हा बघा. २३ जुलै २०२१ च्या पुरात गाळाची रेघ भिंतीवर कुठवर आली होती, तेही विचारून ठेवा. घर विकणाऱ्याला नको, शेजाऱ्याला विचारा.