वन्यजीवांची फोटोग्राफी करतो, आता समुद्राखालचीही करायची आहे. जगात कुठे जावं आणि कोणता कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की काही वर्षं पक्षी-प्राण्यांचे फोटो काढताय, हाताशी ४०० मिमीची लेन्स आहे, पोहता येतं, पण डायव्हिंग अजून केलेलं नाही. मी दोन्ही प्रकारची फोटोग्राफी करते, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते. कॅमेऱ्याचं शेवटी बघू. जमिनीवर जे शिकलात त्यातला बराचसा भाग पाण्यात उलटा होतो, हे आधी समजून घ्या.

जंगलात आपण अंतर राखतो आणि लांब लेन्सने प्राणी जवळ आणतो. पाण्यात ही सोय नाही, कारण पाणी प्रकाश शोषून घेतं आणि सगळे रंग सारखे शोषत नाही. तांबडा सर्वांत आधी जातो. साधारण पाच मीटर खोलीवरच तो बराचसा फिका पडलेला असतो. मागोमाग नारिंगी, मग पिवळा. वीस-पंचवीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. बरेच जण हा हिशोब फक्त खोलीचा धरतात, पण मोजायचं असतं ते प्रकाशाने पाण्यातून कापलेलं एकूण अंतर. मासा दोन मीटरवर आहे आणि तुम्ही स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, मारलात, तर उजेड दोन मीटर जातो आणि दोन मीटर परत येतो, म्हणजे चार मीटर पाण्यातून गाळून आलेला रंग तुम्हाला मिळतो. शिवाय मधल्या पाण्यात तरंगणारे कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. स्ट्रोब लांब दांड्यांवर बाहेरच्या बाजूला, लेन्सच्या जरा मागे ठेवले की ठिपके कमी होतात. खरा इलाज मात्र मधलं पाणी कमी करणं हाच आहे. म्हणून समुद्रात वाइड अँगल किंवा फिशआय लेन्स लावतात आणि मांटा रे नावाचे अवाढव्य चपटे मासेसुद्धा मीटरभरावरून टिपतात. तुमची ४०० मिमी पाण्यात कामाची नाही.

हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, पुढच्या काचेचंही असंच. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते, मोठी भासते आणि लेन्सचा कोन आकसतो. मॅक्रोला, म्हणजे अगदी छोट्या जिवांच्या जवळून घेतलेल्या फोटोंना, ते फायद्याचं ठरतं. वाइडसाठी मात्र घुमटासारखी काच, म्हणजे डोम पोर्ट लागतो.

या प्रकाशाशी माणसं फार पूर्वीपासून झगडत आली आहेत. फ्रान्समध्ये लुई बुताँने १८९३ साली पाण्याखाली फोटो काढले. रंगीत फोटो यायला १९२६ उजाडलं. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड उडवून उजेड पाडला आणि एका हॉगफिशचा फोटो घेतला. एवढी जोखीम एका माशाच्या रंगासाठी. मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो.

आता मुख्य अडचण. जवळ तर जायचंय, पण समुद्रात तुम्ही कुणालाही गाठू शकत नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन आहे. त्यातून वाट काढायला ज्यांची शरीरं घडली आहेत त्यांच्यामागे पाय मारत गेलात तर दूर जाणारी शेपटी तेवढी मिळेल. त्यामुळे प्राणी कुठे, कधी आणि का येतो हे आधी माहीत हवं. जंगलातला तुमचा अनुभव इथे पुरेपूर उपयोगी पडतो. मांटा रे ठरावीक प्रवाळखडकांवर अंग साफ करून घ्यायला येतात. रास नावाचे छोटे मासे त्यांच्या कातडीवरचे परजीवी वेचतात. एखादा डायव्हर त्या खडकाच्या माथ्यावरच जाऊन तरंगू लागला तर मांटा निघून जातात आणि त्या दिवशी कुणालाच काही मिळत नाही. खडकापासून बाजूला, तळाशी, श्वास संथ ठेवून थांबलात तर त्या घिरट्या घालत कधी कधी थेट डोक्यावरून जातात. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांपाशी जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक देवमासे पिल्लं घेऊन असतात. तिथे एका वेळी गाइडसोबत फक्त चार जण पाण्यात उतरू शकतात. आई खाली विसावलेली असते आणि पिल्लू दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर येतं. पृष्ठभागावर शांत राहिलात तर ते कुतूहलाने स्वतःच जवळ येतं. त्याच्या दिशेने पोहत गेलात तर आई उठते आणि त्याला घेऊन जाते.

म्हणून माझा आग्रह आहे की डायव्हिंग आधी शिका आणि कॅमेरा नंतर पाण्यात न्या. पहिल्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते, पण परवानगी मिळाली म्हणजे तयारी झाली असं नाही. हात न हलवता, नुसत्या श्वासावर एका जागी तरंगता येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच राहू द्या. दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेला, नजर स्क्रीनवर असलेला नवखा डायव्हर पायातल्या फिन्सने प्रवाळ मोडतो आणि ते त्याला कळतही नाही. फांद्यांसारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला फार तर दहाएक सेंटिमीटर वाढतात. गोळ्यांसारखी घट्ट प्रवाळं वर्षाला सेंटिमीटरभर वाढली तरी खूप.

पिग्मी समुद्रघोड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रत्येक नव्या फोटोग्राफरला तो हवा असतो. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात संग्रहालयासाठी गोळा केलेल्या समुद्रपंख्यावर, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळावर, तो योगायोगाने सापडला. अडीच सेंटिमीटरही लांब नसतो. अंगावरच्या गाठी हुबेहूब समुद्रपंख्याच्या मिटलेल्या पॉलिपसारख्या, म्हणजे त्या प्रवाळातल्या इवल्या जिवांसारख्या. तो सहसा कॅमेऱ्याकडे पाठ फिरवतो, आणि मग काही गाइड व फोटोग्राफर बारीक सळईने त्याला वळवतात. हे करू नका आणि तुमच्यासाठी कुणाला करूही देऊ नका. डाइव्ह सुरू होण्याआधीच गाइडला स्पष्ट सांगा की प्राण्याला हात लावून मिळालेला फोटो मला नको आहे. बहुतेकांना ते ऐकून बरं वाटतं, कारण ग्राहकाच्या दबावामुळेच त्यांना तसं करावं लागतं.

खोटेपणा जमिनीवरही कमी नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा विजेता फोटो २०१० मध्ये बाद झाला. तो लांडगा बहुधा पाळीव होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये आणखी एका फोटोचं बक्षीस काढून घेतलं, कारण त्यातलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असावं असं तज्ज्ञांनी सांगितलं. बर्फात आमिष टाकून घुबडांना लेन्सकडे बोलावणाऱ्या सहली विकल्या जातात. सहल निवडताना सरळ विचारा: आमिष दाखवता का?

कुठे जावं याचं उत्तर देशांच्या यादीत शोधू नका. तुम्हाला कोणती घटना बघायची आहे ते ठरवा, मग जागा आणि महिना आपोआप ठरतात. पूर्व आफ्रिकेत मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट साधारण जुलै ते ऑक्टोबर. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी चर्चिलला, पाणी गोठायची वाट बघणारी ध्रुवीय अस्वलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ब्राझीलमधल्या पंतनाल पाणथळीचे जॅग्वार कोरड्या ऋतूत नदीकाठी उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला व्हेल शार्क मार्च ते जुलै. मालदीवच्या हनिफारू उपसागरात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्लवकांवर ताव मारायला मांटांचे थवे येतात. तिथे सिलेंडर लावून (स्कूबा) उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी, चालतं. अशा ठिकाणी दम रोखून खाली जायचा सराव स्कूबापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एका जागी दोन दिवस काढून पुढे पळू नका. पाच देशांच्या सहलीपेक्षा एका उपसागरातला लांब मुक्काम मी कधीही निवडेन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हाला प्राणी ओळखू येतात, कोण कुठल्या वेळी कुठे असतो ते कळतं आणि तिथून पुढे फोटो खरे तुमचे होऊ लागतात.

त्या त्या ठिकाणचे अंतराचे नियम आधी वाचा, कारण लेन्स त्यावरून ठरते. पर्वतीय गोरिलांपासून दहा मीटर आणि भेट एक तासाची. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून पाच मीटर. गालापागोसला दोन मीटर आणि फ्लॅश बंद. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर. यावर अनेक फोटोग्राफर नाराज झाले. मला नियम पटतो. ३०० मीटरवरून चेहऱ्यातले बारकावे मिळत नाहीत हे खरं, पण अफाट बर्फात एकटं चाललेलं अस्वल मिळतं, आणि त्या प्राण्याची आजची स्थिती त्यातून जास्त कळते.

आता कॅमेरा. आहे तो बदलू नका. त्याला हाउसिंग मिळतं का बघा. मात्र हाउसिंग, पोर्ट आणि स्ट्रोब मिळून खर्च कॅमेऱ्याहून अधिक होतो हे धरून चला. त्याआधी शिकायला ओएम सिस्टिमच्या टीजी-७ सारखा छोटा जलरोधक कॅमेरा उत्तम. तो हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि एका सेंटिमीटरवर फोकस करतो, म्हणजे मॅक्रोची गोडी लगेच लागते. हाउसिंग घेतलंत तर व्हॅक्यूम पंप घ्याच. आतली हवा ओढून दाब टिकतो का, म्हणजे पाणी आत शिरेल का, ते बोटीवरच कळतं. प्रत्येक वेळी बंद करताना ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, केस किंवा वाळूचा कण नाही ना ते उजेडात धरून बघा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात आणि १०० वॉट-अवरपेक्षा मोठीला एअरलाइनची परवानगी लागते. हाउसिंग सामानात टाकताना व्हॉल्व उघडा ठेवा किंवा ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर हवेच्या दाबातल्या फरकामुळे ते उघडता उघडत नाही.

शेवटी प्रत्यक्ष सल्ला. डायव्हिंग अंगवळणी पडलं की पहिला मोठा प्रवास इंडोनेशियातल्या राजा अंपातचा करा, ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान. तिथल्या केप क्री इथे २०१२ मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी एकाच डाइव्हमध्ये ३७४ जातींचे मासे मोजले होते. पिग्मी समुद्रघोडेही तिथे आहेत, मांटाही. प्रवाह जोरदार असतात, म्हणून घाईने जाऊ नका. एकापाठोपाठ अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, तेव्हा परतीच्या आधीचा एक दिवस जमिनीवरच काढावा लागेल. तो हॉटेलात घालवू नका. विल्सनचा नंदनपक्षी जगात फक्त वाइगेओ आणि बातांता या बेटांवर आहे, आणि तांबडा नंदनपक्षीही याच बेटांवर आणि लगतच्या काही छोट्या बेटांवर. विल्सनचा नर जंगलाच्या जमिनीवरचा एक तुकडा पानन् पान उचलून साफ करतो आणि तिथे मादीसाठी नाचतो. उजाडायच्या आत स्थानिक गाइडबरोबर लपणात जाऊन बसा. तुमची ४०० मिमी त्या दिवसासाठी सोबत न्या.