‘त्रिमितीय छायाचित्रण’ की ‘छायाचित्रमिती’?

खडकाच्या नमुन्याचे चहूबाजूंनी फोटो काढून त्याच्या पृष्ठभागाची संगणकावर प्रतिकृती करतात. त्या फोटोग्रामेट्रीला ‘त्रिमितीय छायाचित्रण’ म्हटलेलं चालेल का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते म्हणू नये. यातला एकही फोटो त्रिमितीय नसतो. साध्या कॅमेऱ्याने थोड्या थोड्या अंतरावरून घेतलेले ते सपाट फोटोच असतात, फक्त प्रत्येकात शेजारच्या फोटोतला बराचसा भाग पुन्हा आलेला असतो. तोच कण, तीच खाच अनेक फोटोंत ओळखून संगणक आधी कॅमेरा कुठे कुठे होता ते काढतो आणि मग त्या कणाची नेमकी जागा. म्हणजे खरं काम मोजणीचं. १८६७ साली जर्मन वास्तुविशारद आल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांनी मूळ शब्द वापरात आणला, तोही इमारतींची मापं फोटोंवरून घेण्याच्या पद्धतीसाठी. भूमिती, त्रिकोणमितीशेजारी ‘छायाचित्रमिती’ सहज शोभतो आणि मोजणीही त्यात दिसते.

‘स्कॅनिंग’ हा शब्दही इथे सैल पडतो. लेझर स्कॅनर स्वतःचा किरण टाकून अंतर मोजतो, कॅमेरा तसं करत नाही. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, पण दगड मुठीएवढा की टेबलाएवढा ते कळत नाही. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवावीच लागते. बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांमधले झिओलाइट खनिजांचे चमकते स्फटिक तर फार छळतात, कारण कोन बदलला की चमक सरकते आणि संगणकाला तोच बिंदू पुन्हा सापडत नाही.

‘नमुना’ मात्र जपून वापरावा. मराठीत तो वानगीलाही म्हणतात आणि प्रतिरूपालाही, त्यामुळे ‘नमुन्याचा त्रिमितीय नमुना’ अशी वाक्यं होतात. दगड तो नमुना, संगणकावरची ती प्रतिकृती, एवढं ठरवून घ्यावं. नासाच्या ह्यूस्टनमधल्या जॉन्सन स्पेस सेंटरने अपोलो मोहिमांतल्या चांद्रखडकांचं आणि अंटार्क्टिकावर सापडलेल्या अशनींचं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचं, असं काम केलं आहे. त्याबद्दल मी असं लिहीन: ‘नमुन्याच्या पृष्ठभागाची प्रतिकृती छायाचित्रमितीने केली, अंतर्भागाची क्ष-किरण सीटी स्कॅनने.’ या वाक्यात ‘त्रिमितीय छायाचित्रण’ घातलं, तर सीटी स्कॅनही त्यातच मोडतो असा समज होईल.

लेखात पहिल्यांदा ‘छायाचित्रमिती, म्हणजेच फोटोग्रामेट्री’ असं लिहावं. विशेषण हवं असेल तर ‘छायाचित्रमितीय’.