वाचकांचे प्रश्न : तेल बदलायच्या आधी चाक हाताने फिरवून बघा

गेल्या खेपेला एक-दशांश स्केलच्या, रिमोटवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक टूरिंग कारबद्दल विचारा म्हटलं होतं, आणि आलेले बहुतेक प्रश्न डिफवरच आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलवर. सगळे वाचून एक गोष्ट वाटली ती आधीच सांगतो. गाडी नीट वळली नाही की आपला हात पहिला डिफमध्ये भरायच्या तेलाच्या बाटलीकडे जातो. पण बेल्ट, बेअरिंग, शाफ्ट यातलं काही अडकत असेल तर तेलाचा फरक कळणारच नाही, म्हणून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मोटरवरून बाजूला घ्या, गाडी उचला, स्पर (पिनियन फिरवते तो मोठा गिअर) बोटाने ढकला आणि बघा सगळं मोकळं फिरतंय का. एवढं केलंत की खालच्या उत्तरांचा उपयोग होईल.

प्रश्न : दादा, माझी बेल्टवाली टूरिंग आहे, पुढे स्पूल (डिफच्या जागी दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग), मागे गिअर डिफ (आत गिअर आणि तेल). कॉर्नरमधून निघताना थ्रॉटल दिला की मागची बाजू सुटते. आधी ३०००चं तेल होतं (आकडा मोठा तितकं तेल जाड), मग ५००० टाकलं, मग १००००, आता तर जास्तच फिरते. एक मित्र म्हणतो अजून जाड टाक, दुसरा म्हणतो पातळ कर. कुणाचं ऐकू?

पातळ म्हणणाऱ्याचं ऐका, पण का ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

कवायतीत रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाचा भराभर चालतो आणि आतला जवळपास जागेवर पाय आपटतो, चाकांचंही तसंच, बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो. डिफ त्या दोघांना वेगवेगळं फिरू देतो. तेल पातळ असेल तर चाकं एकमेकांपासून मोकळी, गाडी वळणात मऊ बसते, मागची पकड टिकते, पण जोर दिला की हलकं झालेलं आतलं चाक नुसतं भिरभिरतं आणि ताकद तिथेच वाया जाते. तेल जाड केलं की दोन्ही चाकं एकत्र ढकलायला लागतात. पकड भरपूर असेल तर गाडी सरळ पुढे फेकली जाते, मजा येते. पण पकड कमी असेल तर दोन्ही चाकं एकाच वेळी सुटतात आणि मग मागे धरून ठेवायला काहीच उरत नाही. तुमचं १००००ला हेच होतंय.

आता ३०००ला नक्की काय होत होतं ते आठवा. थ्रॉटल दिल्यावर मोटरचा आवाज एकदम चढायचा पण गाडी पुढे जायची नाही, तर ते आतलं चाक फिरत होतं आणि तेल थोडं जाड करणं बरोबर होतं. पण आवाज नेहमीसारखाच आणि शेपूट बाहेर, तर दोष डिफचा नव्हताच, मागच्या टायरांचा, टो-इनचा (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असते त्याचा) किंवा मागच्या स्प्रिंगचा होता. मागे साधारण ३ अंश टो-इन असतो, कुणी तो कमी करून ठेवलाय का ते आधी तपासा.

आणखी एक. फक्त डाव्याच किंवा फक्त उजव्याच वळणात सुटत असेल तर डिफकडे बघूच नका. डिफ दोन्ही बाजूंना सारखाच वागतो. एका बाजूची तक्रार म्हणजे चासीला पीळ बसलाय, ड्रूप (चाक खाली किती लोंबतं ते) कमीजास्त आहे, नाहीतर एखादा शॉक अॅब्सॉर्बर अडकतोय.

करायचं असं, ५०००वर या, पाच मिनिटं चालवा आणि वळणाचे तीन भाग मनात वेगळे ठेवा. थ्रॉटल सोडून आत शिरताना काय करते, मधे थ्रॉटल नसताना काय करते आणि थ्रॉटल देऊन निघताना काय करते. जाड तेलाने आत शिरताना गाडी सरळ जायला बघते आणि निघताना जोर मिळतो, पातळ तेलाने शिरताना मोकळी आणि निघताना थोडी आळशी. कुठल्या भागात दुखतंय हे सांगता आलं तर तेलाचा नंबर आपोआप सुचतो. नुसतं "गाडी फिरते" एवढ्यावर कुणी नंबर सांगत असेल तर तो अंदाज आहे.

प्रश्न : प्रत्येक वेळी त्याच बाटलीतलं ५०००चं तेल भरतो तरी डिफ कधी घट्ट लागतो कधी ढिला. बाटली खराब असेल का?

बाटली बहुधा ठीक आहे, भरण्यात फरक पडतोय. माझंही हे बरीच वर्षं झालं, शेवटी वजनकाटा घेतला तेव्हा कळलं की मी दर वेळी वेगळंच तेल भरत होतो. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. रिकामा डिफ तोला, भरून तोला, फरक वहीत लिहा. पुढच्या वेळी तेवढाच. तेलाचा नंबर तोच पण भरलेलं तेल कमी असेल तर डिफ पातळच वागणार, कारण गिअरला घुसळायला तेलच कमी.

पण तेलाच्या आधी कोरडा जोडून बघायचा, हा भाग लोक गाळतात. सगळे गिअर, क्रॉस पिना (छोटे गिअर ज्यावर बसतात त्या आडव्या पिना), शिम (पातळ चकत्या) बसवा, ओ-रिंग आणि तेल न घालता झाकण लावा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा आणि एक आउटड्राइव्ह (डिफच्या बाजूने बाहेर येणारं टोक, शाफ्ट त्यात बसतो) धरून दुसरा बोटांत हळू फिरवा. एका जागी खडा लागल्यासारखं वाटलं तर शिम जास्त आहे नाहीतर गिअरच्या दाताला प्लास्टिकची बारीक कणी राहिलीये, ती धारदार पात्याने काढा. खडखडत असेल तर शिम कमी. हे कोरडेपणीच कळतं. तेल भरल्यावर तेल सगळं झाकून टाकतं आणि आपण म्हणतो वा काय स्मूद झालाय.

मग ओ-रिंग. फुगलेल्या असतील तर आउटड्राइव्ह आवळून धरतात आणि पातळ तेलाचा डिफसुद्धा जाड लागतो, तुमचा "कधी घट्ट" हा बहुतेक इथलाच. बदला आणि सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळून बसवा. तेल क्रॉस पिना जेमतेम बुडतील इतकंच, अगदी काठोकाठ नको, तापलं की फुगतं आणि ओ-रिंगमधून वाट काढतं. भरल्यावर आउटड्राइव्ह सावकाश फिरवत राहा, गिअरखाली अडकलेले बुडबुडे एकेक करून वर येतात, पातळ तेलाला अर्धा तास पुरे पण जाड तेल रात्रभर उघडं ठेवावं लागतं, वर फडकं टाकून, नाहीतर धूळ. शेवटी गॅस्केटचा कागद तपासा, दुमडला असेल तर गळणारच.

आणि दोन कंपन्यांच्या ५०००वर एकसारखा भरवसा ठेवू नका. डिफच्या बाटलीवरचा आकडा सीएसटी किंवा सीपीएस या जाडी मोजायच्या एककांमध्ये असतो, सिलिकॉन तेलाला ते दोन्ही जवळपास सारखेच, तरी कंपनी बदलली की हाताला फरक लागतो. एकच कंपनी धरा. शॉकच्या तेलाच्या बाटलीवर डब्ल्यूटी (वेट) असेल तर तो वेगळाच हिशोब, त्याची सरमिसळ नको.

प्रश्न : पुढे स्पूल लावला तर पूर्ण स्टिअरिंगला गाडी थरथरते आणि पुढची चाकं उड्या मारतात. वन-वे लावू का?

वन-वे लावलात तर थरथर जाईल आणि ब्रेकही जातील. वन-वेमध्ये थ्रॉटल सोडला की पुढची चाकं मोकळी सुटतात, गाडी वळणात सुंदर शिरते, पण ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि जरा जास्त दाबला की गाडी गोल. लांब वाहत्या ट्रॅकवर ज्याचा अंगठा शांत आहे त्यालाच तो मानवतो. स्पूल पुढची दोन्ही चाकं एकत्र बांधतो, त्यामुळे ब्रेक चारही चाकांना आणि निघताना पुढून खेच मस्त, फक्त शिरताना थोडी सरळ जाते.

तुमची थरथर स्पूलपेक्षा शाफ्टमुळे आहे. साध्या युनिव्हर्सल शाफ्टला (चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याला) एकच सांधा असतो आणि तो वाकवला की एका फेरीत चाक दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. डिफ असता तर त्याने ते गिळलं असतं, स्पूलला गिळता येत नाही म्हणून चाक उड्या मारतं. डबल जॉइंटवाले शाफ्ट यासाठीच निघाले, चाकाजवळ दोन सांधे, एकाची चूक दुसरा खोडतो. ते लावा. सोबत ट्रान्समीटरवर स्टिअरिंगची मर्यादा थोडी कमी करा, बऱ्याच गाड्यांना तेवढं वळवायची गरजच नसते. स्पूलच्या आउटड्राइव्हमधल्या प्लास्टिकच्या टोप्याही बघा, पिनेने खाऊन खड्डा पडला असेल तर खडखडाट तिथूनही येतो. शिरताना फारच सरळ जाते म्हणाल तर पुढे गिअर डिफ लावून त्यात ५०००००चं तेल घालतात, तो स्पूलसारखाच वागतो पण जरासा सैल सोडतो.

प्रश्न : जोरात ब्रेक मारला की पुढून टकटक आवाज येतो. बेल्ट आवळला तर गाडी जड होते. मधला मार्ग काय?

टकटक म्हणजे पुढचा बेल्ट दात सोडतोय. थ्रॉटलला ताण बेल्टच्या एका बाजूवर असतो, ब्रेकला तो उलट्या बाजूवर जातो, आणि पुढे स्पूल असल्यामुळे ब्रेकचा झटका लांब बेल्टलाच बसतो. बेअरिंगच्या गोल होल्डरवर खुणा असतात, एकच खूण पुढे सरका, पुन्हा चालवून बघा, टकटक थांबली की तिथेच थांबा. डावा आणि उजवा होल्डर एकाच खुणेवर हवा. माझ्याकडे एका गाडीत एक होल्डर एक घर मागे राहिला होता आणि मी तीन दिवस बेल्ट साइडला का घासतोय म्हणून शोधत बसलो, डिफच तिरका बसला होता. आणि होल्डर फिरवला की डिफ थोडा वरखाली होतो, शाफ्टचा कोनही बदलतो, ते नंतर विसरू नका.

आवळण्याआधी मात्र पुलीचे दात ब्रशने साफ करा. डांबरी ट्रॅकवरचा एक बारीक खडा दातांमध्ये दाबून बसला की बेल्ट तिथे उचलला जातो आणि फेरीत एकदा टक असा आवाज येतो, लोक त्यालाही ढिला बेल्ट समजतात.

प्रश्न : पिनियन दोन दातांनी मोठी केली तर मोटर फार तापते. एवढ्याने काय फरक पडतो?

पडतो. समजा स्पर ९६ दातांची, पिनियन ४५ आणि गाडीचा आतला रेशो १.९, म्हणजे २० दातांची पुली ३८ दातांची फिरवते. ९६ भागिले ४५ गुणिले १.९ म्हणजे ४.०५. पिनियन ४७ केली की ३.८८. टायर ६३ मिलिमीटरचा धरला तर मोटरच्या एका फेरीत गाडी आधी जवळपास ४९ मिलिमीटर जायची, आता ५१. दिसायला कमी पण मोटरला प्रत्येक वळणानंतर तेवढं जास्त ओढावं लागतं. एकेक दात वाढवा, रेस संपल्यावर लगेच तापमान बघा, ७० अंशांच्या वर सतत जात असेल तर मागे या, फार तापलं की रोटरचं चुंबक कायमचं कमजोर होतं.

आणि पिनियन बदलल्यावर मोटर सरकवून मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते) पुन्हा लावलात का? पातळ कागदाची पट्टी दातांमध्ये घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. मग स्पर पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कारण स्पर कधीच अगदी गोल नसते, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे किंचित खेळ हवा. ६४ पिचची पिनियन ४८ पिचच्या स्परला लावलेली पण मी पाहिलीये (पिच म्हणजे दातांचं माप, ते दोन्हीकडे एकच हवं), रेसच्या दोन हीटमध्ये स्परचे दात गुळगुळीत.

प्रश्न : जुनी गाडी मिळालीये, मागे बॉल डिफ आहे, फिरवला की करकर करतो. गिअर डिफ टाकू की हाच ठेवू?

आधी उघडा. बॉल डिफ (गिअरऐवजी रिंगांमध्ये दाबलेल्या बॉलवर चालणारा) चांगला असतो, आरसी गाड्या बनवणारे सेसिल शूमाकर यांनी १९८०च्या सुमारास तो आरसी, म्हणजे रिमोटवाल्या गाड्यांत आणला आणि पुढे खूप वर्षं सगळे त्यावरच जिंकत होते. त्याचा घट्टपणा स्क्रूने बदलता येतो, हे मला आजही आवडतं. करकर दोन जागांहून येते, रिंगवर बॉलने चरा पाडलाय किंवा मधलं छोटं थ्रस्ट बेअरिंग गेलंय. रिंगा उलटून बसवा, दुसरी बाजू कोरी असेल तर नव्या घ्यायची गरज नाही. मोठ्या बॉलना सिलिकॉनचं डिफ ग्रीस, थ्रस्टला काळं ग्रीस, अदलाबदल केली तर डिफ घसरतो.

आवळताना एकदम नको, अष्टमांश फेरी आवळा, मग दोन्ही आउटड्राइव्ह एका हातात गच्च धरून पुली अंगठ्याने ढकला. सहज फिरली तर अजून अष्टमांश. अंगठ्याचा पूर्ण जोर लावूनही पुली हलेना की तिथे सोडा. मग मिनिटभर हलक्या थ्रॉटलवर चालवा, बॉल आपली जागा करतात आणि डिफ थोडा ढिला होतो, परत अंगठा लावून बघा.