न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबचा मालक हिली क्रिस्टल हा मुळात पंकवाला, म्हणजे बंडखोर, दणकेबाज रॉक संगीतातला, होता का?

अजिबात नाही. गडी शेतावर वाढलेला, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या कोरसमध्ये गायलेला, नंतर व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबचा मॅनेजर. डिसेंबर 1973 मध्ये त्याने मॅनहॅटनच्या बावरी रस्त्यावर क्लब उघडला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारांसाठी. नावातली चारही अक्षरं त्यांचीच (ब्लूग्रासची दोन: बी आणि जी). पण ते गाणारे तिथे फारसे फिरकलेच नाहीत. मग आले टेलिव्हिजन आणि रामोन्स हे बँड, आणि गायिका पॅटी स्मिथ.

त्याची अट एकच: स्वतःची गाणी वाजवा. दुसऱ्यांची हिट गाणी चालणार नाहीत. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व हेच, कारण नवख्या बँडला अशी जागा सहसा कोणी देत नाही. बाकी जागेचा थाट विचारू नका! भिंतींवर स्टिकर आणि खरडलेल्या अक्षरांचे थर, आणि संडास तर कुप्रसिद्धच.

शेवटी मात्र भाड्याच्या वादाने घात केला. ऑक्टोबर 2006 मध्ये पॅटी स्मिथच्या कार्यक्रमाने क्लब बंद झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने हिली गेला. क्लबच्या नावाचे टी-शर्ट मात्र अजूनही खपतात.