भिंग वर-खाली का होतं?

प्रश्न : जुन्या सीडी प्लेअरचं झाकण काढून तो रिकामाच सुरू केला, तर आतलं भिंग दोन-तीनदा वर-खाली झालं आणि ‘नो डिस्क’ असं आलं. सीडी घातली की ती फिरताना चक्क हेलकावते. तरी वाचताना चूक कशी होत नाही? आणि हल्ली सीडी असूनही मधूनच ‘नो डिस्क’ का येतं?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते भिंग सीडी शोधत होतं. सीडीवर आपटून परत येणारा लेझरचा प्रकाश मिळाला नाही, म्हणून त्याने नाद सोडला.

हेलकाव्यांचं म्हणाल, तर सीडी अर्धा मिलिमीटर वर-खाली झाली तरी चालतं. फोकस मात्र एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे हलून चालत नाही. म्हणजे भिंगाने सीडीबरोबर नाचायलाच हवं, तेही सीडीच्या आतल्या कडेला वाचताना सेकंदाला आठेक वेळा. ते चार बारीक तारांवर तरंगतं आणि चुंबकांमधली कॉइल त्याला हलवते.

किती हलायचं, हे ठरवण्याची युक्ती मला फार आवडते. परतणारा झोत एका दंडगोल भिंगातून चार तुकड्यांच्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या भागावर, पडतो. अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल. सीडी जवळ आली की तो एका कर्णावर लांबट होतो, लांब गेली की दुसऱ्या. एका कर्णावरच्या दोन तुकड्यांवर पडलेल्या प्रकाशाच्या बेरजेतून दुसऱ्या दोघांची बेरीज वजा करा : शून्य आलं तर फोकस जमला, नाहीतर अधिक-उणे चिन्हावरून दिशा कळते. अंतर मोजायला पट्टी नाही की काही नाही!

आडव्या दिशेलाही तोच खेळ. सीडीवरच्या शेजारच्या दोन वाटांमध्ये (म्हणजे माहितीच्या खुणांच्या रांगांमध्ये) 1.6 मायक्रॉनचं अंतर असतं, आणि मधलं भोक केंद्रापासून जरा जरी सरकलेलं असलं तरी एका फेरीत वाट कितीतरी मायक्रॉन इकडे-तिकडे होते. बऱ्याच प्लेअरमध्ये लेझरचे तीन ठिपके करतात. मधला वाचतो, कडेचे दोघे वाटेच्या दोन काठांवर थोडे थोडे टेकलेले असतात. त्यांच्या प्रकाशात फरक पडला की भिंग कुशीला सरकतं. ते फार कलंडलं की मग कुठे मोटर लेझर-भिंगासकट अख्खं हेड पुढे ढकलते.

आता तुमचा ‘नो डिस्क’. असे प्लेअर दुरुस्तीला आले की मी आधी भिंग पाहतो. धुळीने प्रकाश कमी झाला की समोर सीडी असूनही ती त्याला सापडत नाही. प्लेअर बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओला कापूस हलकेच फिरवा. दाबाल तर त्या तारा वाकतील. आणि चालू प्लेअरच्या भिंगात डोकावू नका. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा, त्यामुळे पापणी मिटायचंही सुचत नाही.

सीडीवरच्या धुळीची मात्र एवढी धास्ती नको. तिच्या पृष्ठभागावर झोत जवळपास 0.8 मिलिमीटर रुंद असतो, खुणा 1.2 मिलिमीटर आत असतात आणि झोत तिथेच टोकदार होतो.