विचारा की, काका! : बिनसेलाचा रिमोट

प्रश्न : काका, माहेरी कपाट आवरताना वडिलांच्या जुन्या कलर टीव्हीचा रिमोट सापडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड, जसाच्या तसा. टीव्ही केव्हाच भंगारात गेला. माझे दीर म्हणतात, पूर्वी अमेरिकेत सेल न घालता चालणारे रिमोट होते आणि नुसत्या किल्ल्या खुळखुळल्या तरी चॅनेल बदलायचं. घरात पैज लागलीय. खरं काय?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, पैजेचे पैसे दिरांना देऊन टाका. शब्दन् शब्द खरा आहे.

झेनिथ नावाच्या अमेरिकन कंपनीने 1950 साली आपला पहिला टीव्ही रिमोट काढला, ‘लेझी बोन्स’. त्याला टीव्हीपर्यंत लांबलचक वायर होती आणि घरातली माणसं तिच्यात पाय अडकून पडायची. मग 1955 मध्ये यूजीन पॉली या त्यांच्या इंजिनियरने ‘फ्लॅशमॅटिक’ केला. तो म्हणजे हातातली बॅटरीच. पडद्याच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे चार डोळे बसवलेले; एकावर झोत मारला की आवाज बंद, दुसऱ्यावर मारला की चॅनेल पुढे. पण ऊन आणि बॅटरी यातला फरक त्या डोळ्यांना कळायचा नाही. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्या मनाने चालू. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्याचं काय झालं असतं, बघा.

दिरांचा रिमोट त्यानंतरचा. 1956 चा ‘स्पेस कमांड’, रॉबर्ट अॅडलर यांचा. मला विचाराल तर सगळ्या रिमोटमध्ये डोकेबाज हाच. आत ना सेल, ना सर्किट. अॅल्युमिनियमच्या चार कांड्या, साधारण अडीच इंचाच्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी कांडीच्या टोकावर टक्कन बसायची आणि कांडी सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास कंप पावायची. माणसाच्या कानाला वीस हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्याला फक्त हातोडीची टकटक. टीव्हीतला माइक मात्र कांडीचा नाद ओळखायचा. त्यासाठी टीव्हीत सहा व्हॉल्व्ह, म्हणजे त्या काळच्या सर्किटातल्या काचेच्या नळ्या, जादा घालावे लागले आणि किंमत तीसेक टक्क्यांनी चढली. सेल नको हा हट्ट विक्री खात्याचा होता : सेल उतरला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला म्हणून बोंबलणार! माझ्यासारख्या दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या माणसाला हे लगेच पटतं. किल्ल्यांचं म्हणाल, तर धातूवर धातू आपटला की तसलाच न ऐकू येणारा नाद निघतो. टीव्ही फसायचा.

हा प्रकार पुढे बरीच वर्षं चालला. मग आला अवरक्त उजेडाचा रिमोट, म्हणजे तुमच्या वडिलांचा. त्याच्या टोकाचा दिवा पेटतो, पण आपल्याला दिसत नाही. उन्हातही तसला उजेड असतो, मग टीव्ही फसत कसा नाही? कारण हा दिवा सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो, त्या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे पाडून बटणाचा संकेत जातो आणि टीव्ही तेवढ्याच तालाकडे लक्ष देतो. बऱ्याच रिमोटमध्ये हा ताल सिरॅमिकच्या एका दोन पायांच्या तुकड्यावर बांधलेला असायचा. त्याला आम्ही ‘455’ म्हणायचो. 455 किलोहर्ट्झला बाराने भागा, 38 च्या जवळ येतं. रिमोट फरशीवर पडला की आधी हाच आत तडकायचा. अशोक चौकातल्या माझ्या दुकानात तपासणीला एक ट्रान्झिस्टर कायम असे. मीडियम वेव्ह लावायची, रिमोट जवळ धरून बटण दाबायचं. टर्र टर्र वाजलं की 455 जिवंत. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वापरा. दिवा जांभळट चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा लावा.

पिशवीबद्दल लोक हसतात, मी हसत नाही. रिमोट उघडला की रबराखाली तेलाचा थर आणि त्यात शेंगाचटणी! जेवताना मालिका बघणाऱ्यांची ही कमाई. घरात माग असेल तर वर कापसाचा तूस. स्पिरिटने पुसलं की निम्मे रिमोट तिथेच बरे व्हायचे. रबरी बटणाखालचा काळा ठिपका झिजला असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायची. थोडे दिवस चालायचं, गिऱ्हाईक खूश. तुमच्या रिमोटचा रबर बहुतेक कोरा असेल. सेल आतच राहिले असतील तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी आली असेल. ती पॉलिश पेपरने घासा, नवे सेल घाला आणि कॅमेऱ्यात बघा.

प्रश्न : सेल संपत आले की रिमोट तळहातावर आपटला किंवा सेल गोल फिरवले की पुन्हा चालतो. ही अंधश्रद्धा का?
– एक वाचक, बाळे

उत्तर : नाही वो. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर गंजाची पातळ साय धरते. फिरवलं की ती खरवडली जाते. शिवाय थकलेला सेल थोडा वेळ पडून राहिला की जराशी ताकद परत येते. दोन दिवस काढा, मग नवे घ्या. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा असं करू नका.

प्रश्न : टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे रिमोट धरला तरी चालतो, पण थंडीत अंगावर सोलापुरी चादर असली की चालत नाही.
– एक विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : उजेडच तो. भिंतीवर आपटून परत येतो. जाड विणीतून मात्र पुरेसा बाहेर पडत नाही. चादर आपली आहे, घट्टच असणार. हात बाहेर काढा.