सांगलीत आमच्या गल्लीतल्या भिंतीवर सगळ्यांना विचारून चित्र काढायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी भिंत कुणाची ते बघा. खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी, महापालिकेची किंवा सरकारी असेल तर त्या त्या कार्यालयाची.

मग लोकांकडे. ‘कुठलं चित्र हवं?’ असं विचारलंत तर मोर आणि सूर्योदय मिळेल. त्यापेक्षा ‘२००५ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारा. आजी उंबऱ्यावरून हात वर करून दाखवतील. त्याच उंचीवर भिंतीवर दोन निळ्या रेघा ओढा, चित्र तिथूनच सुचत जातं. कृष्णेवरचा आयर्विन पूल, हळदीची पोती, विष्णुदास भावेंचं १८४३ चं नाटक, हे सगळं लोकच सांगतील. मीटिंग मात्र रात्री जेवणानंतर ठेवा, संध्याकाळी बायकांना स्वयंपाकातून वेळ नसतो.

कच्चं चित्र आठवडाभर किराणा दुकानात लावा, शेजारी पेन बांधून. नगरसेवकाचा फोटो घालायचा आग्रह होईलच, तो हसून टाळा.

पुरात भिजलेल्या भिंतीला लोणा, म्हणजे पांढरा खार, असतो. तो खरवडून, भिंत पूर्ण वाळवून, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर मारा, वर अॅक्रिलिक इमल्शन. काम दिवाळीनंतरच काढा. मुलांना खालचे तीन फूट द्या.